पंचांपुढची साखर

बेलखार, उरण
२६ नोव्हेंबर १९५६

सगुणाताई,

नमस्कार करते आणि लगेच भांडायला बसते. मेळावा आटोपून तुम्ही आणि तुमचा शिवदास मोऱ्याच्या बंदरावरून लाँचमध्ये बसलात, आणि इकडे मी जे त्रांगडं होऊन बसलं आहे ते निस्तरते आहे. म्हणजे निस्तरत नाहीच, नुसती बघते आहे.

आधी चांगलं सांगते. तुमच्या मंडळाने माझ्या शाळेला दिलेल्या पाट्या एकही न फुटता पोचल्या. नकाशा कुडाच्या भिंतीवर टिकेना म्हणून मेढीच्या खांबाला बांधला. पोरं रोज येऊन त्यात बेलखार शोधतात, आणि सापडत नाही म्हणून नकाशा करणाऱ्याला शिव्या घालतात.

आता ऐका. त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते तुमच्या ध्यानातही नसेल. सातवीपर्यंत पोचलेली गावातली पहिली मुलगी म्हणून तुम्ही ठमीला पुढे बोलावलंत. कपाळाला कुंकू लावलंत. ओटीत हिरवं लुगडं नि नारळ घातलात. मग साखरेची पुडी सोडून आधी पंचांच्या हातावर ठेवलीत, नंतर पोरांच्या. शेजारी तुमचा मुलगा शिवदास बसलेला, परीटघडीचा शर्ट घालून. आणि भाषणात म्हणालात, "ही आजपासून माझी लेक. सातवीची फायनल झाली की मी स्वतः येऊन हिला माझ्या घरी मुंबईला नेणार." टाळ्या पडल्या नाहीत. बंदरावर तुम्ही मला म्हणालातसुद्धा, "तुझं गाव अगदी थंड गं." थंड नव्हतं ताई. गावाला गहिवरून आलं होतं.

या खारपट्टीत मुलीला मागणी अश्शीच घालतात. मुलाची आई मुलाला घेऊन येते, मुलीला कुंकू लावते, लुगडं-नारळ देते आणि पंचांपुढे साखर वाटते. पंचांनी ती तोंडात टाकली की शब्द बांधला गेला. पुढे कोणी मोडला तर बट्टा लागतो तो पोरीला. (ते मात्र सगळीकडे सारखंच.) तुम्ही एवढं यथासांग केलंत की इथल्या एखाद्या विहिणीलाही जमलं नसतं.

मला हे कळलं कसं? मी ठमीच्या घरी गेले, तर तिची आजी आवडाबाई तांब्या घेऊन बाहेर आली आणि माझ्या पायांवर पाणी घालायला लागली. ही आवडाबाई इथली धवलारीण. या लोकांच्या लग्नात भटजी नसतो, हिने धवल्याची गाणी म्हटली की लग्न लागलं. मी पाय मागे घेतले. म्हटलं, "आवडाय, हे काय चाललंय?"

"गप उभ्या ऱ्हा बाई. तुमी वरपक्षाच्या. मान हाय तुमचा."

मला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. तेवढ्यात ठमीचा बाप धर्मा मिठागरावरून आला. मला पाहून डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. असा अदबशीर मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "बाई, आमी मिठागरातली मानसं. येवऱ्या मोठ्या घरात पोर जातंय, माझा जीव नुसता खालीवर होतंय. पन त्या माउलीनं पंचांम्होरं साखर वाटली. आता मी कोन न्हाय म्हननार? फायनल झाली का नेतो म्हनल्या, तं फायनल होऊ दे."

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण दाराआड ठमी उभी होती, तुम्ही दिलेलं हिरवं लुगडं नेसून, आणि ती ऐकत होती.

तेव्हा ताई, तुम्ही ताबडतोब या. मी सांगून कोणाला पटायचं नाही, मी पडले वरपक्षाची!

तुमची गोदू


१५ डिसेंबर १९५६

सगुणाताई,

तुमचं पत्र पोचलं. शिवदास पोट धरून हसला असं लिहिलंत. हसू दे बापड्याला. मी मात्र ते वाक्य वाचून पत्र थोडा वेळ खाली ठेवलं.

तुम्ही लिहिता, "आपण कुणाला खोटं सांगितलेलं नाही. बक्षीस दिलं, त्यांनी भलतं समजून घेतलं. त्या समजुतीपायी मुलगी मार्चपर्यंत शाळेत राहत असेल तर कुणाचं काय बिघडलं? परीक्षा होऊ दे. मी स्वतः येईन, धर्माला नीट समजावीन आणि ठमीला ट्रेनिंग कॉलेजात घालीन. शिक्षिका होऊन परत आली की तोच माझे पाय धरील."

तुमचं म्हणणं खोडून काढायला बसले आणि जमेना. आता मिठाचे दिवस सुरू झाले. या दिवसांत इथली घरंच्या घरं कुलूप लावून मिठागरावर राहायला जातात, आणि माझ्या शाळेत उंदीर शिकतात. गेल्या वर्षी ठमीसुद्धा आईबरोबर मीठ ओढत होती. खाऱ्या पाण्यानं तळपायाला चिरा पडल्या होत्या, पावसाच्या तोंडाशी शाळेत आली ती लंगडत. यंदा धर्मानं तिला नेलं नाही. "सासरच्यांना शिकल्याली पायजे," असं चारचौघांत सांगतो. तिला आजीजवळ गावात ठेवलं आहे. रोज सकाळी ती शाळेत सर्वांच्या आधी हजर.

आणि तिच्या मागोमाग आणखी पोरी आल्या! नामा पाटील, जो मला तोंडावर म्हणाला होता की पोरीनं शिकून काय मिठाला चव येणार आहे, त्यानं आपली नात आणून बसवली. वर मला म्हणतो, "स्वराज झाला बाई. मोठ्यामोठ्यांनी आता आमच्याकरं सोयरीक मांगाची वेल आली." मंडळानं इतकी पत्रकं वाटली, मी दारोदार फिरून घसा कोरडा केला, त्यातून जे झालं नाही ते मूठभर साखरेनं करून दाखवलं. हसावं की रडावं?

खोटं कशाला बोलू, तुमचं पत्र वाचून मला हायसंच वाटलं. बोर्ली पंचतनात माझं कपाळ पांढरं झालं, पुढे सगळा अंधारच होता, तेव्हा तुम्ही मला उचलून मुंबईला नेलंत. तेव्हाही आमच्या गावानं काय काय तारे तोडले होते! तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत म्हणून मी आज शाळेतली बाई झाले. तुमच्या शब्दावर आजवर चालत आले, याही वेळी चालते.

पण मार्च म्हणजे मार्च, ताई.

गोदू


२४ जानेवारी १९५७

सगुणाताई,

हे तुम्ही काय करून बसलात?

धर्मानं गावच्या भिकूबरोबर तुमच्याकडे टोपली पाठवली होती, नवे पोहे, वाल आणि सुके बोंबील. (बोंबलांचं तुमच्या स्वयंपाकघरात काय झालं ते मला मुळीच सांगू नका.) मला विचारलं असतं तर मी थांबवलं असतं, पण वरपक्षाकडे काय धाडायचं हे वरपक्षाच्या बाईला कोण विचारतं? तुम्हाला वाटलं, पालकांनी मंडळाला कृतज्ञता म्हणून पाठवलं. इथवर मी समजू शकते. पण मग तुम्ही टोपली परत करताना तीत तिळाचे लाडू घातलेत, आणि वर एक खण!

मला ठाऊक आहे तुम्ही का घातलेत. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हे तुमच्या आईनं तुम्हाला शिकवलं, तुम्ही मला शिकवलंत. त्यात दिवस संक्रांतीचे, घरात वाण तयार. हात आपसूक गेला असेल. पण ताई, मागणी झालेल्या पोरीला सासरहून संक्रांत येते हे आपल्याकडेसुद्धा आहे की नाही? मग गावानं काय समजावं?

आवडाबाईनं तो खण सगळ्या आळीला दाखवला. एकेक लाडू फोडून घरोघर वाटला. माझ्याही हातावर तुकडा ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या बाईंना रीत बरी म्हाईत हाय." मी तो खाल्ला. काय करणार होते?

ठमीबद्दल तुम्ही विचारता. अभ्यास असा करते की मला भीती वाटते. काळ-काम-वेगाची उदाहरणं तोंडी सोडवते. आजीचे धवले तिला शेकड्यानं पाठ, त्यामुळे कविता एकदा वाचली की पुरे. परवा मी म्हटलं, "ठमे, जरा खेळ की पोरींबरोबर." तर म्हणाली, "न्हाय बाई. फायनल झाली तरच नेनार म्हनल्या त्या. मी नापास झाली तं?" मी म्हटलं, नापास झालीस तरी काही बिघडत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बाईला काही कळत नाही.

ताई, या पोरीनं ते मनावर घेतलं आहे. शिवदासनं तिला मेळाव्याच्या दिवशी विचारलं होतं, "पुढे काय शिकणार?" ती अजून त्या प्रश्नाचं उत्तर तयार करते आहे. मला विचारते, मुंबईत बोलतात तसं बोलायला शिकवा.

मार्चपर्यंत थांबू नका. या.

गोदू


६ एप्रिल १९५७

सगुणाताई,

परीक्षा झाली. उरणच्या केंद्रावर मीच तिला घेऊन गेले होते. पेपर उत्तम गेले. गणितातलं एक उदाहरण चुकलं असं तिला वाटतं आणि तेवढ्यावरून दोन दिवस जेवली नाही. माझ्या हिशेबानं तेही बरोबर आहे.

मार्च गेला. तुम्ही आला नाहीत, तुमचं पत्र आलं. शिवदासचं लग्न ठरलं, वैशाखात आहे, मुलगी बी. ए. झालेली, पुण्याची. चांगली बातमी आहे ताई, शिवदासला माझे आशीर्वाद सांगा. पण तुमच्या पत्रात ठमीबद्दल एकच ओळ आहे, "लग्नाची गडबड उरकली की येते, तोवर तू काही बोलू नकोस, तू घोटाळा करशील."

मी घोटाळा करीन? बरं.

धर्मा रोज विचारतो, तारीख कधी काढायची. मिठागर आता भरात आहे, तरी मुकादमाच्या पाया पडून सुट्टी काढायची त्याची तयारी आहे. आवडाबाईनं हळद दळून ठेवली. नातीच्या लग्नात स्वतः धवले म्हणायचे म्हणून म्हातारी घशाला जपते, थंड पाणी पीत नाही. मी त्यांच्या घरासमोरून जायचं सोडलं आहे, खाजणाच्या बांधावरून लांबून जाते.

एक दिवसासाठी या. सकाळच्या लाँचनं या आणि संध्याकाळच्या लाँचनं जा. तुम्ही पंचांपुढे साखर वाटलीत, पंचांपुढे तुम्हीच सांगितलं पाहिजे. लग्नाआधी सांगितलंत तर ते चूक म्हणून ऐकून घेतील. नंतर सांगितलंत तर ती फसवणूक होईल.

नाहीच जमत असं असेल तर मला दोन ओळी लिहून द्या. मी वाचून दाखवते आणि काय व्हायचं ते होऊ दे.

गोदू


२० मे १९५७

सगुणाताई,

दोन ओळी आल्या नाहीत. आलं ते तुमचं लग्नानंतरचं पत्र. त्यातला मजकूर तुमचा तुम्हालाच वाचून दाखवते. "तुझा धर्मा आणि पाटील अगदी आयत्या वेळी हजर! कोणी बोलावणं केलं कोण जाणे. मी दोघांना आग्रहानं पंगतीला बसवलं, जिलबी स्वतः वाढली. किती साधी, निर्मळ माणसं गं! जाताना धर्मा नवरदेवाला नवं धोतर आहेर म्हणून ठेवून गेला. मला भरून आलं."

त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते तारीख काढायला आले होते.

धर्मानं मला विचारलं असतं तर मी त्याला मोऱ्यावर अडवलं असतं, पाय धरले असते. पण तुमच्याकडून निरोप येईना आणि मी तोंड चुकवते हे बघून तो नि नामा पाटील परस्पर निघाले. नवी लाल टोपी, आणि जावयाला म्हणून पेणच्या बाजारातून आणलेलं धोतर. पुढचं मला नामा पाटलानं सांगितलं, शाळेच्या ओट्यावर बसून, माझ्याकडे न बघता.

तुमच्या दाराशी मांडव होता, केळीचे खांब होते, सनई चालली होती. धर्मा ते बघून जिन्यातच थबकला आणि पाटलाला म्हणाला, "नामा, बाईंनी तयारी केली बघ. आपल्यालाच उशीर झाला."

हे एकदा वाचा आणि पुन्हा एकदा वाचा. मी ते कितीदा तरी लिहून खोडलं आहे.

मग त्यांना बोहल्यावरची नवरी दिसली. पाटील तिथून उलट्या पावली फिरत होता, तेवढ्यात तुम्ही पुढे आलात, हसतमुखानं, "अलभ्य लाभ, बसा बसा." पान वाढलं गेलं. पाटील उठायला लागला तर धर्मानं त्याचा हात दाबला. "वाढल्या पानावरून उठू नये." तो सगळं जेवला, ताई. तुम्ही वाढलेली जिलबीही त्यानं टाकली नाही. धोतर परत काय न्यायचं म्हणून तिथेच ठेवलं.

परत आल्यावर तो घरी जायच्या आधी शाळेत आला. पोरं होती. त्यांच्यादेखत विचारलं, "बाई, तुमाला म्हाईत व्हता?"

मी हो म्हटलं.

मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मंग आमच्या पोरीचा लाडू तुमच्या घशाखाली उतरला कसा?" आणि गेला.

गोदू


११ जून १९५७

अध्यक्षीणबाई, ग्रामशाळा साहाय्यक मंडळ, यांस,

आपलं रागाचं पत्र पोचलं. "तू वेळीच सांगायला हवं होतंस. गावात राहणारी तू. मी इतक्या लांबून काय करणार? तुझ्या भिडस्तपणामुळे मंडळाच्या नावाला काळोखी आली." वेळीच सांगू नकोस हेही आपणच लिहिलं होतं. पण राहू दे. आपण दोघींनी एकमेकींच्या अंगावर कितीही ढकललं तरी ते ठमीच्याच अंगावर पडतं.

तिचं लग्न झालं. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या मुहूर्तावर उरकलं. साखर परत गेलेल्या पोरीला मागणी येत नाही, म्हणून जो मिळाला तो. खाडीपलीकडचा, बायको मेलेला, दोन लेकरांचा बाप. नाव भागोजी. माणूस वाईट नाही म्हणतात. तो वाईट नाही हेच काय ते आता तिचं सुख.

मला बोलावणं नव्हतं. तरी मी गेले, मांडवाच्या बाहेर उभी राहिले. कोणी हाकललं नाही, कोणी बस म्हटलं नाही. आवडाबाई धवले म्हणत होती. मध्येच तिचा आवाज गेला आणि ती नुसती ओठ हलवत राहिली. इथं धवला अर्धा टाकलेला चालत नाही. मग नवरीनं स्वतः, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, खाली मान घालून पुढचा धवला म्हटला आणि पुरा केला. आपल्याच लग्नाचा. पाठांतर किती चांगलं आहे ते मी आपल्याला जानेवारीत कळवलंच होतं.

शाळा उघडली. मुली नाहीत. नामा पाटलाची नात नाही, तिच्या मागची कोणी नाही. मुलगेही निम्मेच. मी घरोघर गेले तर बाया दार लोटून घेतात. एकीनं फटीतून सांगितलं, "आमच्या पोरीला नको साखर." मंडळाच्या पाट्या कपाटात एकावर एक आहेत, हवं तर परत न्या.

आपण लिहिता, "झालं ते झालं. तुला बोर्लीकडे चांगली शाळा देते. तिथे दुसरी एखादी हुशार मुलगी हेर, आपण तिला पुढे आणू." मुली हेरायला मी काय बाजारात उभी आहे? आणि दुसरी कशाला, बाई? ही वापरून संपली म्हणून?

आपण वाईट नाही, मला माहीत आहे. आपण मला अंधारातून काढलंत हेही खरं आहे. म्हणूनच मला आपला राग धड करता येत नाही, आणि तो गिळताही येत नाही. दिवसभर छातीशी घेऊन बसते.

गोदावरी


१९ जुलै १९५७

सगुणाताई,

पुन्हा ताईच म्हणते. आज माझ्यात दुसरं काही म्हणायचं त्राण नाही.

निकाल लागला. ठमी पास झाली. उरण केंद्रात सगळ्या मुलामुलींत पहिली आली. ज्या उदाहरणापायी ती उपाशी राहिली होती तेही बरोबर होतं. ट्रेनिंग कॉलेजातली जागाही तिच्या नावानं राखलेली आहे, असं तुमच्याच कचेरीचं कार्ड आलं. व्यवस्था सगळी चोख आहे.

गावात कोणाला सांगणार? धर्मा मला बघून रस्ता बदलतो. मी ठरवलं, निदान तिला तरी तिचं कळायला हवं. होडीनं पलीकडे गेले. लावणीचे दिवस, घरात कोणी नव्हतं. शेजारणीनं शेत दाखवलं. बायांच्या रांगेत ती शेवटची होती, पदर खोचलेला, पोटरीपर्यंत चिखल. तुम्ही दिलेलं हिरवं लुगडं शेतात नेसते. बऱ्यापैकी विटलं आहे. तिची सासू बांधावर बसून भाताच्या रोपांचे आवे मोजून देत होती, तिनं मला विचारलं, "कोन तुमी?" मी म्हटलं, "शाळेतली बाई." ती म्हणाली, "हितं कुनी शालंत जाईत न्हाय."

ठमी बांधाजवळ आली. वाकून नमस्कार केला, हात चिखलाचे म्हणून लांबूनच. बरी आहेस ना, म्हटलं. बरी आहे म्हणाली. भागोजीची धाकटी पोर हिच्याजवळच झोपते, असं सांगितलं. आणि मग तिनंच विचारलं, हळू आवाजात, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

"बाई, निकाल लागला?"

मी सांगायला तोंड उघडलं, ताई. देवाशपथ सांगते, तेच सांगायला मी गेले होते.

पण तिनं मला बोलू दिलं नाही. म्हणाली, "मना म्हाईत हाय. मी नापास झाली. त्या गनितातच गेली मी. तवाच जीवाला वाटला व्हता. म्हनून त्यांनी दुसरी केली, शिकल्याली. त्यांनी तं आधीच सांगितला व्हता, फायनल झाली तरच नेनार." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

ते बघणं मी तुम्हाला कसं सांगू? ती निकाल विचारत नव्हती. तिला कारण हवं होतं. वाग्दत्त पोरीला टाकून दिलं त्याचं, बापाला परक्या पंगतीत बसवून जेवू घातलं त्याचं. ते एक चुकलेलं उदाहरण तिनं उराशी धरलं होतं, तेवढ्यावर ती उभी होती. मी म्हटलं असतं, पास झालीस, पहिली आलीस, तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, "मंग का?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का?

मी म्हटलं, "हो गं. गणितात गेलीस."

ती हसली. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मंग त्यांचा काय चुकला न्हाय. बाईंना सांगा, माझ्या मनात काय न्हाय." सासूनं हाक मारली तशी आवा उचलून रांगेत गेली.

मी होडीत बसले आणि सबंध खाडीभर माझ्याच तोंडाची मला किळस येत होती. मी शिकवलेली, मी घडवलेली पहिली मुलगी, आणि तिला नापास मीच केली. कोणी परीक्षकानं नाही. ती उद्या आपल्या लेकरांना सांगेल, मला जमलं नाही, डोकं नव्हतं. आणि ती लेकरं शाळेकडे फिरकणार नाहीत.

माझा राजीनामा मंडळाकडे वेगळा धाडला आहे. कुठे जाणार विचारू नका, मलाच ठाऊक नाही. बोर्लीला माझं कोणी नाही, आणि तुमच्या घरी मी आता जेवू शकणार नाही.

ठमीचं प्रमाणपत्र या पाकिटात आहे. तुम्ही ठेवा. वार्षिक अहवालात तिचं नाव जरूर छापा, केंद्रात पहिली म्हणून, ठळक अक्षरात. देणगीदारांना बरं वाटेल, आणि ते खरंही आहे. फक्त तो अहवाल बेलखारला पाठवू नका.

गोदू